पाच वर्षांचा आकडा आणि पन्नास वर्षांचं कलम

कोकणी माणूस दूरचं बघत नाही, हे विधान सिंधुदुर्गात इतक्या वेळा ऐकू येतं की ते खरं का खोटं, हे कुणी विचारतही नाही. उद्योजकता शिबिरातला व्याख्याता ते म्हणतो, मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी म्हणतो आणि मालवणच्या बाजारपेठेतला दुकानदार स्वतःबद्दलही तेच म्हणतो. ‘पोटापुरता गावला म्हंजे झाला’ ही आपली वृत्ती, चार महिन्यांचा सीझन करायचा आणि उरलेलं वर्ष त्यावर काढायचं; म्हणून बाहेरचा माणूस येऊन हॉटेल काढतो आणि आपण त्याला मासळी पुरवतो, असा तो युक्तिवाद. निदान झालं की औषधही ठरलेलं असतं. पाच वर्षांनी धंदा कुठे असेल ते आकड्यात लिहा, त्याला तारीख घाला, कागद भिंतीवर लावा. चार खोल्यांच्या आठ करा, दोनशे पेटी आंब्याच्या पाचशे.

या मतात निदान आणि औषध अशा दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या तपासायला हव्यात. माझ्या मते निदान साफ चुकलेलं आहे. औषध अर्धं बरोबर आहे आणि म्हणूनच जास्त धोक्याचं.

आधी पूर्वपक्षाला त्याचं श्रेय देऊ. किनाऱ्यावरचे कित्येक छोटे धंदे हिशेबाच्या वहीशिवाय चालतात. घरातला खर्च आणि धंद्यातला खर्च एकाच डब्यातून होतो. मे महिन्यात हातात आलेला पैसा गणपतीपर्यंत संपतो, आणि दिवाळीआधी रंगरंगोटीसाठी पुन्हा उसनवारी करावी लागते. कोकमाचं आगळ उत्तम करणाऱ्या बाईला बाटलीमागे काय सुटतं ते सांगता येत नाही, कारण स्वतःची मजुरी तिने कधी धरलेलीच नसते. हे सगळं खरं आहे. पण हा हिशेबाचा अभाव आहे. त्याला दूरदृष्टीचा अभाव म्हणणं ही पहिली गफलत.

दूरदृष्टी बघायची तर परसात बघावी. हापूसचं कलम लावलं की चार-पाच वर्षांनी चार फळं दिसतात, हिशेबात धरावं असं उत्पन्न यायला दहा वर्षं लागतात. पुढे ते झाड पन्नास वर्षं आणि त्याहून जास्त उभं राहतं. बाणवली माड सहा-सात वर्षांनी धरतो आणि लावणाऱ्याच्या नातवंडांना नारळ देतो. साठीतला माणूस कातळात सुरुंग लावून खड्डा करतो, बाहेरून माती आणून भरतो आणि त्यात कलम उभं करतो. तो दूरचं बघत नाही, असं म्हणायला धाडस लागतं.

यावर म्हणतील, ती जुनी पिढी. मग नवा दाखला घ्या. १९९० साली महाराष्ट्र सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली. लागवडीचा आणि पहिल्या वर्षांतल्या जोपासनेचा खर्च सरकारने अनुदानातून उचलला. त्यानंतर कोकणातल्या वरकस जमिनीवर, जिथे पूर्वी गवताशिवाय काही नव्हतं, तिथे आंब्या-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. माणसं तीच होती, त्यांचा स्वभावही तोच होता. बदललं एवढंच की दूरचं बघण्याची किंमत जी एकट्या कुटुंबाला झेपत नव्हती, ती कुणीतरी वाटून घेतली. स्वभावाला दोष देणाऱ्यांनी या एका उदाहरणाचं उत्तर द्यावं.

मग आज नजर जवळच का अडते? त्याची कारणं कागदपत्रांत सापडतात. सातबाऱ्यावर पणजोबांच्या वारसांची वीस-पंचवीस नावं असतात. त्यातले निम्मे मुंबईत, काही सुरतेला, एखाद्याचा पत्ताच नाही. अशी सामाईक जमीन बँक तारण घेत नाही, आणि वाटप झाल्याशिवाय पक्कं काही बांधावं तर उद्या चुलतभाऊ हरकत घेईल. समुद्राकाठी घर असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. ते १९९१ साली आले, २०११ साली नव्याने आले आणि २०१९ साली पुन्हा बदलले. आज बांधलेली खोली उद्या नियमात बसेल की पडेल, हे माहीत नसलेला माणूस पत्र्याची शेड घालून यंदाचा सीझन करतो, याला आळस म्हणायचं की शहाणपण? ज्या जमिनीचा मालक नक्की नाही आणि ज्या परवान्याची मुदत नक्की नाही, तिथे दहा वर्षांचा बेत आखणारा दूरदर्शी ठरत नाही, बेफिकीर ठरतो.

आता औषधाकडे वळू. आकडा लिहा, तारीख घाला हा उपदेश कुठून आला? शिबिरांत त्याच्यासोबत एक गोष्ट हमखास सांगतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीत फक्त तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांकडे उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त संपत्ती होती. गोष्ट झकास आहे, फक्त घडलेली नाही. ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने १९९६ साली तिचा माग काढला, तेव्हा असा कोणताही अभ्यास झाल्याचा पुरावा मिळाला नाही. एक वक्ता दुसऱ्याचा हवाला देत होता आणि दुसरा तिसऱ्याचा.

दुसरा आधार ‘स्मार्ट’ ध्येयांचा. नेमकं, मोजता येईल असं, मुदतबंद वगैरे पाच कसोट्यांची ही यादी जॉर्ज डोरन या अमेरिकी नियोजन अधिकाऱ्याने नोव्हेंबर १९८१ मध्ये मांडली. डोरन लिहीत होता मोठ्या कंपन्यांतल्या व्यवस्थापकांसाठी, जिथे पगारी माणसं आहेत आणि काम कुणाकडे सोपवायचं हा प्रश्न आहे. प्रत्येक उद्दिष्टात पाचही कसोट्या असतीलच असं नाही, हे त्याने त्याच लेखात सांगून ठेवलं होतं. मूळ लेखकाने घातलेली ही अट आपल्याकडे येईपर्यंत गळून पडली.

तिसरा आधार मात्र भक्कम आहे आणि तो मान्य केला पाहिजे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं केलेल्या कामातून दिसतं की ‘होईल तेवढं करा’ म्हणण्यापेक्षा नेमकं आणि कठीण उद्दिष्ट दिलं की काम जास्त होतं. त्यातला १९७५ चा एक अभ्यास ओक्लाहोमातल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांचा आहे. कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या सुमारे साठ टक्केच माल ते भरत. ९४ टक्क्यांचं उद्दिष्ट दिल्यावर भरणा नव्वद टक्क्यांपर्यंत गेला आणि तिथे टिकला. पण या अभ्यासातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. ट्रकमध्ये किती ओंडके चढवायचे हे चालकाच्या हातात होतं. आणि उद्दिष्ट ठरलं ते मर्यादेच्या आतलं. कायद्याची वजनमर्यादा आधी, टक्केवारी नंतर. शिवाय काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर असा आकडा उलट आड येतो, हेही याच परंपरेतल्या पुढच्या संशोधनाने दाखवलं.

आपल्या किनाऱ्यावरच्या धंद्यात हातातलं काय आणि हाताबाहेरचं काय? २०१८ साली देवबागच्या एखाद्या माणसाने पाच वर्षांचा आकडा भिंतीवर लावला असता तर त्याचं काय झालं असतं, हे आपण जाणतोच. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ वादळाने ऐन दिवाळीत किनारा झोडपला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्या वर्षीचा उन्हाळी सीझन गेला. पुढच्या वर्षी पुन्हा निर्बंध होते, आणि १६ मे २०२१ ला ‘तौक्ते’ने माड, छपरं आणि होड्या एका दिवसात मोडल्या. वीस महिन्यांच्या आत तीन तडाखे. सरकारी तारखांवर विसंबावं तर जिल्हा १९९७ साली ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून जाहीर झाला आणि चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. त्यानंतरही विमानं कधी चालू, कधी बंद. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या तारखा मोजणं तर लोकांनी सोडूनच दिलं. दुसऱ्याच्या तारखेवर आपला आकडा बांधणारा छोटा धंदेवाला कर्जात जातो; तारीख चुकवणाऱ्याचं काही जात नाही.

हाताबाहेरच्या गोष्टीवर आकडा लावला की तो नुसता चुकतो असं नाही, तो मूळ भांडवलच खायला लागतो. याचं उदाहरण आंब्याच्या बागेतच मिळेल. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस उघडला की बागेत गडी फिरताना दिसतो. प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती गोल आखून तो पंचवीस-तीस भोकं पाडतो आणि त्यात पाण्यात मिसळलेलं औषध ओतत जातो. हे कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल. हापूस मुळात वर्षाआड भरणारं झाड. कल्टारने पालवीचा जोर आवरतो आणि मोहोर दरवर्षी, तोही थोडा लवकर येतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याची शिफारस मापानिशी केली आहे: झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा, मीटरमागे तीन मिलिलिटर, १५ जुलै ते १५ ऑगस्ट या मुदतीत, आणि वाढलेल्या फळाच्या प्रमाणात झाडाला खतही वाढवायचं.

हीच बाग वर्ष-दोन वर्षांच्या कराराने घेतलेल्या व्यापाऱ्याच्या हातात गेली की काय होतं? त्याच्यापुढे नेमका आकडा आहे, मुदत आहे, मोजमाप आहे. शिबिरातल्या सगळ्या कसोट्यांना तो उतरतो. पेटी मार्चमध्ये वाशीच्या बाजारात पोचली तर भाव, म्हणून माप वाढतं. खताचा खर्च मात्र पुढच्या वर्षीच्या मोहोरासाठी, आणि पुढच्या वर्षी बाग दुसऱ्याकडे गेली तर? म्हणून खत राहून जातं. करार संपतो तेव्हा मालकाच्या हाती आखडलेल्या फांद्यांची, दमलेली झाडं येतात. व्यापाऱ्याने आपलं उद्दिष्ट गाठलेलं असतं. उद्दिष्ट गाठूनही धंदा बुडतो तो असा.

समुद्रातही हेच झालं. कर्जावर घेतलेल्या मोठ्या नौकेचा हप्ता दर महिन्याला ठरलेला असतो, मासळी ठरलेली नसते. हप्ता भागेपर्यंत जाळं ओढत राहायचं, जाळं कमी पडलं की मोठं घ्यायचं. पर्ससीन जाळ्यांच्या या चक्राविरुद्ध किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या रापणकरांनी आणि इतर पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, आणि सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला. अंमलबजावणीची रड अजून आहेच. यात रापणकरांचा स्वार्थ होता, तो कुणी नाकारत नाही. पण पुढच्या वर्षीचा मासा समुद्रात राहू द्या, ही मागणी या जिल्ह्यात सगळ्यात लांबचं बघणारी होती आणि ती केली ‘दूरचं न बघणाऱ्या’ गाबित मच्छीमारांनी.

आता एक हिशेब मांडू. आकडे धरून चाललेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. तारकर्लीला घराच्या बाजूला चार खोल्या आहेत. शिबिर ऐकून आलेला मालक वीस लाखांचं कर्ज काढून आणखी चार बांधायच्या विचारात आहे. अकरा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता साडेसत्तावीस हजारांच्या घरात जातो, वर्षाला सुमारे तीन लाख तीस हजार. जेवण, धुलाई, वीज, कमिशन वजा जाता एका खोलीच्या एका रात्रीमागे हजार रुपये सुटतात असं समजू. म्हणजे नुसता हप्ता भागवायला नव्या चार खोल्यांना मिळून ३३० रात्री हव्यात, प्रत्येकीला ८२ ते ८३. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद असतात. उरलेल्या नऊ महिन्यांतले शुक्रवार-शनिवार मोजले तर साधारण ७८ रात्री होतात. एकही शनिवार-रविवार रिकामा गेला नाही आणि आठही खोल्या प्रत्येक वेळी भरल्या, तरी नव्या चार खोल्यांतून त्यांचा हप्ता पुरा होत नाही. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी त्यात ओतावी लागते. मालकाच्या हातात काय उरतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

यातला कळीचा मुद्दा वेगळाच आहे. पाचवी खोली भरते ती पहिल्या चार भरल्यानंतर. तेव्हा खोल्या वाढवायच्या की नाही, हे पाच वर्षांच्या स्वप्नावरून ठरत नाही. गेल्या वर्षी किती रात्री ‘जागा नाही’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवलं, यावरून ठरतं. ही नोंद ठेवणारी घरं फार थोडी सापडतील. ज्याच्याकडे ती आहे त्याला शिबिराची गरज नाही, आणि ज्याच्याकडे नाही त्याने भिंतीवरचा आकडा कुठून आणला?

दोन शंका येतील. पहिली अशी की, आकडाच नसेल तर शिस्त कशी येणार? आकडा हवाच, पण तो आपल्या हातातल्या गोष्टींना लावावा. किती कलमं जगवली, किती कर्ज फेडलं, बाटलीमागे काय सुटलं, किती गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा आली, किती जणांना परत पाठवलं, या सगळ्याला काटेकोर आकडा लावा आणि दर महिन्याला तपासा. लॉक-लॅथम यांचं म्हणणं इथे शंभर टक्के लागू पडतं. पाऊस, मासळी, विमान आणि पर्यटक यांना लावलेला आकडा मात्र नुसती इच्छा असते.

दुसरी शंका अशी की, मग कोकणी माणसाने छोटंच राहायचं का? मोठं होण्याला माझा विरोध नाही. मोठं होणं हेच दूरदृष्टीचं माप मानण्याला आहे. सरस सरस्वती या भारतीय वंशाच्या अभ्यासक बाईंनी सत्तावीस मुरलेल्या उद्योजकांचा विचार कसा चालतो ते तपासलं आणि २००१ साली त्यावर गाजलेला लेख लिहिला. ही माणसं छोट्या धंद्यातली नव्हती, त्यांच्या कंपन्या अवाढव्य झालेल्या होत्या. पण सुरुवातीला ती ‘किती मिळेल’ यापेक्षा ‘बुडालं तर किती सोसेल’ हे आधी ठरवत आणि हाताशी असलेल्या साधनांतून पुढची वाट काढत. म्हणजे आपण ज्याला कोकणी भित्रेपणा म्हणतो, तो विचार मोठी झालेली माणसंही करत होती. त्यांनी तो वहीत मांडला, एवढाच फरक.

आता माझा पक्ष. छोट्या धंद्याचं दीर्घ मुदतीचं ध्येय म्हणजे पंधरा-वीस वर्षांनंतरही जे शाबूत राहिलं पाहिजे त्याची निवड, आणि त्यासाठी आज काय करायचं नाही याचा निर्णय. बागायतदारासाठी ते कलम आहे. मालवणला स्नॉर्केलिंग-स्कूबा करणाऱ्यासाठी ते पाण्याखालचं प्रवाळ आहे. १९८७ साली इथे २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा गावोगावी विरोध झाला, आणि न विचारता लादलेल्या नियमाबद्दलचा तो राग समजण्यासारखा होता. पण आज शेकडो घरांची चूल त्याच प्रवाळावर चालते. दिवसाला किती फेऱ्या मारायच्या आणि नांगर कुठे टाकायचा, हे व्यावसायिकांनी आपसात ठरवलं नाही, तर दाखवायला काही उरणार नाही. खानावळवालीसाठी ते तिच्या मसाल्याची चव आणि ताज्या मासळीचं नाव आहे. मे महिन्याच्या गर्दीत बर्फातला मासा ताजा म्हणून वाढायचा नाही, एवढं ठरवलं तरी तिचं दहा वर्षांचं नियोजन झालं.

असं काम कसं चालतं ते वेंगुर्ल्यात बघायला मिळतं. तिथल्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला-१’ ही काजूची जात १९७४ साली दिली, ‘वेंगुर्ला-४’ १९८१ साली आणि ‘वेंगुर्ला-७’ १९९७ साली. पहिलीची बी सहा ग्रॅमच्या आसपास, सातवीची दहा. दिशा तीच ठेवून एकेका जातीने पुढे जायला तेवीस वर्षं लागली, आणि आज जिल्ह्यातले काजूचे छोटे कारखाने त्या कामावर उभे आहेत. त्याच गावच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका २०१७ पासून होडी वल्हवत पर्यटकांना खारफुटी दाखवतात. दिवसाच्या फेऱ्या किती, हे भरती आणि हातांचं बळ ठरवतं, आणि खाडी जशीच्या तशी राहते.

तेव्हा सल्ला देणाऱ्यांना सांगणं एवढंच की कोकणी माणसाला दूरदृष्टी शिकवू नका, ती त्याच्याकडे आहे. शिकवायचाच तर बाटलीमागचा हिशेब शिकवा. सातबाऱ्याचं वाटप कसं करावं ते सांगा. बागेचा करार किमान पाच वर्षांचा असावा, त्यात कल्टारचं माप आणि खताची जबाबदारी लिहिलेली असावी, असा मसुदा लोकांच्या हाती द्या. आणि धंदा करणाऱ्यांना विनंती अशी की भिंतीवर आकडा लावण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: माझ्या धंद्यात काय कधीच विकायचं नाही, २०२० आणि २०२१ सारखी दोन वर्षं लागोपाठ आली तर कितीचा हप्ता मला झेपेल, आणि गेल्या वर्षी मी किती गिऱ्हाइकांना परत पाठवलं. तिसऱ्याचं उत्तर येत नसेल तर नवी खोली बांधू नका.